चंबूवरचा वाकडा कान

कुंभारवाडा, अथेन्स
मुनिखियोन, शुद्ध पंचमी

स्मिकोन,

मेलिन्नाचा नमस्कार. बातमी वाईट आहे, ती आधीच सांगून टाकते. बाबा गेले.

सकाळी चाकावर बसले होते, घागरीचा गळा ओढत होते. आपला म्हातारा गुलाम मानेस चाक फिरवत होता. त्याने वर पाहिलं तर बाबांचे हात मातीवरच होते आणि मान छातीवर आली होती. म्हाताऱ्याला वाटलं, मालकांना डुलकी लागली. मालकांची झोप मोडू नये म्हणून तो बिचारा चाक फिरवत राहिला. ती वाकड्या गळ्याची घागर आम्ही मोडली नाही. तशीच वाळवली आणि त्यांच्याबरोबर ठेवली.

नवव्या दिवसाचे विधी आटपले आणि त्याच संध्याकाळी थ्रासोनकाका आखार्नायहून गाडी घेऊन आले. गाडीत कोळसा होता, अंथरूण होतं आणि काकू होती. पोर एकटी कशी राहील, असं म्हणाले. मला वाटलं, दुःखाचे दिवस आहेत, थोडे राहतील आणि आपल्या कोळशाकडे परत जातील. मग त्यांनी बाबांच्या खोलीत खिळा ठोकला आणि आपला झगा टांगला.

काल जेवताना त्यांनी तोंड उघडलं. बाबांना मुलगा नाही, आणि बाबांचे सख्खे भाऊ हेच. तेव्हा कारखान्यावर हक्क त्यांचा, आणि कारखान्याबरोबर माझ्यावरही. वारशाचा निवाडा करणाऱ्या आर्खोनसाहेबांपुढे जाऊन ते मला बायको म्हणून मागणार आहेत. मी म्हणाले, माझं लग्न झालंय. ते शांतपणे म्हणाले, "झालंय ना. पण मूल कुठे आहे? एक मुलगा असता तर तुला कोणी हात लावला नसता." काकू मसुराचं कालवण वाढत होती. तिच्या हातातली पळी तशीच थांबली. कायदा मला लहानपणापासून ठाऊक आहे, पण घागर कानाला धरून उचलावी तसं मलाही कोणी उचलून नेईल, हे कधी मनात आलं नव्हतं.

तू लगेच निघू नकोस. तू समोर उभा राहिलास तर ते दुसऱ्या दिवशी न्यायालयात जातील आणि तिथे तू हरशील. तू तिकडे समुद्रापलीकडे आपली नवी भट्टी उभारतो आहेस, लांब आहेस, तोवर त्यांना घाई नाही. मला बायको करायचं तर काकूला सोडावं लागेल, आणि तिचं स्त्रीधन तिच्या भावाला परत द्यावं लागेल. ते त्यांच्या अगदी जिवावर आलंय. म्हणून धंदा खरंच किती चालतो हे आधी पारखून घेणार आहेत.

काय करायचं ते कळव. मला भीती वाटते, स्मिकोन. त्या माणसाला मी बोलायला लागले तेव्हापासून काका म्हणते.

मेलिन्ना

*

थुरिओई
मुनिखियोन, वद्य दशमी

माझ्या मेलिन्नाला,

बाबांची बातमी वाचून मी भट्टीमागे जाऊन बसलो आणि मनसोक्त रडलो. बारा वर्षांचा होतो मी त्यांच्याकडे आलो तेव्हा, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला कुंचला काढून तुझ्या हातात दिला होता. म्हणाले, आधी हिच्याकडून चित्रातल्या माणसांचे कान काढायला शिक. ते मी अजून शिकलेलो नाही. माझे कान अजूनही गोगलगायीसारखेच येतात. इथल्या लोकांना चालतात, त्यांनी तुझे पाहिलेले नाहीत.

आता काकांचं. त्यांना कारखानाच हवाय ना? देऊन टाक. भट्टी, चाकं, दुकान, मातीचे हौद, मानेससुद्धा. मी त्यांना वेगळं पत्र लिहिलंय, अगदी नम्र, तू वाचलंस तर हसशील. सगळं तुमचं, मी कशावरही हक्क सांगणार नाही, फक्त माझी बायको पाठवा. कोळसेवाल्याला याहून सोपा सौदा आयुष्यात मिळाला नसेल.

इथली माती फिकट आहे, तिच्यात काव घालावी लागते. भांड्यावरचा माझा काळा रंग कधी शिसवी येतो, कधी चक्क हिरवा. तू आलीस की बघशील. तुझ्यासाठी खोली बांधायला घेतलीय, नदीच्या अंगाला. खिडकी उत्तरेकडे ठेवलीय, म्हणजे तुला दिवसभर रंगवायला एकसारखा उजेड मिळेल.

घाबरू नकोस. गलबतं सुरू आहेत तोवर तू इथे असशील.

तुझा स्मिकोन

*

कुंभारवाडा, अथेन्स
थार्गेलियोन, वद्य द्वितीया

स्मिकोन,

नमस्कार. काका शेजारी बसले आहेत आणि मी लिहीन ते त्यांना वाचून दाखवायचं आहे, तेव्हा नीट ऐक.

तुझं पत्र त्यांनी आधी वाचलं आणि मग मला दिलं. इथून पुढे येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्याकडेच जाईल, गलबताचा तांडेल त्यांच्या ओळखीचा आहे. त्यांना जवळचं नीट दिसत नाही, तेव्हा अक्षर मोठं काढ.

तुझा सौदा त्यांना पसंत नाही. का, ते तुला जसंच्या तसं लिहायला त्यांनी सांगितलंय. त्यांनी बाजारात चौकशी केली. बाबांच्या, म्हणजे केदोनच्या घरच्या काळ्याला गिऱ्हाईक का थांबतं, तर त्यात आपला चेहरा दिसतो म्हणून. आता बाबा नाहीत. काळ्यासाठी मातीची साय कशी निवळायची, भट्टी कधी झाकायची आणि कधी उघडायची, हे घरात मला एकटीला येतं. चित्रंही मीच काढते. "मग बायको तू नेलीस तर मी घेऊ काय, चूल?" हे त्यांचे शब्द. त्यांना दोन्ही हवं आहे. मीही आणि भट्टीही.

तू मला मोकळं केलंस असं लिहून पाठव, म्हणजे न्यायालयात तमाशा होणार नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. त्या बदल्यात तुला एक गाडी कोळसा देतील. मी हे लिहिताना हसले तर ते म्हणाले, हसू नकोस, ओकचा चांगला कोळसा आहे.

मानेस बरा आहे. भट्टीला लाकूड तोच घालतो. काकूही बरी आहे, फारसं बोलत नाही. दार आता आतून लावलेलं असतं आणि किल्ली काकांच्या कमरेला असते. मी अंगणात भट्टीपर्यंत जाते, तिथून परत येते. एवढंच.

मेलिन्ना

*

थुरिओई
स्किरोफोरियोन, शुद्ध नवमी

मेलिन्नाला,

हे काकांनीही ऐकावं, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो. मी तसलं काहीही लिहून देणार नाही. कोळसा तुमच्याकडेच ठेवा, म्हातारपणी शेकायला होईल.

मेलिन्ना, मला इथे बसवत नाही. दिवसभर माती मळतो आणि तिच्यावरच राग काढतो. काल एका चांगल्या प्याल्यावर हात आपटला. मी येतो. पहिलं गलबत मिळेल त्याने निघतो, मग आर्खोन असो की कोणी असो.

स्मिकोन

*

कुंभारवाडा, अथेन्स
हेकातोंबायोन, वद्य षष्ठी

स्मिकोन,

तू येऊ नकोस. हे मी काकांच्या सांगण्यावरून लिहीत नाही, ते तर म्हणतात येऊ दे, एकदाचा निकाल लागेल. मी माझ्या मनाने सांगते आहे.

इथे वेगळीच पंचाईत झालीय. भट्टी बिघडली. एकदा नाही, लागोपाठ. पहिली प्याल्यांची होती, दुसरी घागरींची. दोन्ही वेळा सगळं लालच्या लाल निघालं. काळा उतरलाच नाही. माणसंही लाल आणि त्यांच्यामागची जमीनही लाल. आठ घोडेस्वार रंगवले होते, एकही दिसेना, नुसती खरखर हाताला लागते. तू म्हणायचास, हिला झोपेतसुद्धा आच कळते. बघ, आता कळेनाशी झालीय. बाबा गेले आणि माझा हात गेला, दुसरं काय.

काकांनी पहिल्यांदा लाकडाला दोष दिला. कोळसेवाल्याला दुसऱ्याचं लाकूड कधी आवडत नाही. मग म्हणाले, नजर लागली. भट्टीवर नजरेसाठी वेडंवाकडं तोंड टांगलेलं असतं ना, त्याच्या शेजारी त्यांनी आणखी एक टांगलं. आता ती दोघं एकमेकांकडे बघून जीभ काढत बसतात. दुसरी भट्टी उघडली तेव्हा मात्र त्यांनी मानेसला धरलं. तो पालथाच झोपतो सध्या. काकू त्याला तेल लावते.

आता फुलांच्या सणाचे चंबू करायचे आहेत. सण थंडीत, पण पावसाआधीच भाजून ठेवायला हवेत. शंभर घरांतली तीन वर्षांची पोरं डोक्यात फुलं घालून हे चंबू मिरवणार. प्रत्येकावर एक रांगणारं मूल काढायचं. मी दिवसभर मुलंच काढते आहे.

काकांनी काल जेवताना सांगितलं, ही तिसरी भट्टी शेवटची. हीही गेली तर असला धंदा आणि असली बायको त्यांना नको. एवढ्यासाठी स्त्रीधन कोण परत करतं? मग तू आणि मी समुद्रापलीकडे हवा तेवढा चिखल खेळावा. ते ऐकून काकूने त्यांना दुसऱ्यांदा मासळी वाढली.

माझं वाईट वाटून घेऊ नकोस. आणि तुझ्या पाया पडते, तू काही करू नकोस. काहीही नाही. नुसता थांब.

मेलिन्ना

*

थुरिओई
मेटागेइट्नियोन, वद्य तृतीया

मेलिन्नाला, आणि तिच्या आधी थ्रासोनकाकांना,

नमस्कार. हे पत्र काका आधी वाचतात हे आज बरंच झालं, कारण यात कामाच्या गोष्टी आहेत आणि त्या त्यांच्याच उपयोगाच्या आहेत.

काका, मागच्या पत्रात मी तोंड सोडलं त्याची माफी करा. तरुण रक्त. आता भट्टीचं ऐका. मी तुमच्या भावाच्या हाताखाली वाढलो आणि इथे स्वतःची भट्टी लावतो, तेव्हा एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, की दोष लाकडाचा नाही, नजरेचा नाही आणि कारखान्याचा तर मुळीच नाही. भट्टी झाकल्यावर आच वर चढावी लागते, तरच काळा मातीला धरतो. ती न चढता झाकण उघडलं की सगळं परत लाल. आणि आच कोण चढवतं? लाकूड घालणारा. मानेसचे डोळे गेलेत. मी तिथे होतो तेव्हाच त्याला ज्वाळेचा पिवळा आणि पांढरा वेगळा कळत नव्हता. त्याला भट्टीपासून दूर करा, लाकडं वाहायला ठेवा, आणि नीट दिसणारा एखादा माणूस लावा. तुमचा काळा आरशासारखा येईल.

साय निवळण्यातही काही मोठी विद्या नाही. माती पाण्यात कालवायची, राख टाकायची, बसू द्यायची, वरचं तेवढं काढून घ्यायचं, आणि हे पुन्हा पुन्हा. कोणालाही जमेल. चित्रांचं म्हणाल तर मेलिन्नाचं आपण उगाच कौतुक करतो. घरची म्हणून. ती कान बरे काढते, पण कान काय कोणीही काढेल. बाजारात तिच्याहून चांगले चितारी रोजावर मिळतात.

तेव्हा काका, तिच्यावाचून तुमचं काहीही अडणार नाही. हे मी तुमच्या भल्यासाठी सांगतो.

मेलिन्ना, इथे खोलीला गिलावा झाला. खिडकीला फळ्या बसवल्या. पलंग अजून व्हायचा आहे, पण तो काही मोठा नाही, दोन माणसांपुरता.

स्मिकोन

*

कुंभारवाडा, अथेन्स
पियानोप्सियोन, शुद्ध तृतीया

माझ्या स्मिकोनला,

हे पत्र कोणी वाचलेलं नाही. काकू तिच्या भावाबरोबर आज जाते आहे, आणि तिचा भाऊ शेवटच्या गलबताने तिकडे तेल घेऊन येणार आहे. यानंतर थंडीभर समुद्र बंद. म्हणून सगळं लिहिते.

पहिली भट्टी माझ्या हातून खरंच बिघडली. बाबांची आठवण आली, डोळे भरले, आच कळावी म्हणून भट्टीत ठेवतो ते नमुन्याचं खापर नीट पाहिलंच नाही आणि उघडा म्हणाले. सगळं लाल निघालं तेव्हा मी जमिनीवर बसले. पण मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर मी नकोशी झाल्यासारखा भाव दिसला. दुपारी धुणं वाळत घालताना काकू माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरी, अशीच आणखी एक जाऊ दे." तेव्हा मला दार दिसलं. कारखाना आणि मी, दोघंही कवडीमोल झालो तर काका आपणहून सोडतील.

दुसरी मी मुद्दाम बिघडवली. मानेसने भोकातून आकडी घालून खापर बाहेर काढलं. ते साफ मळकट होतं, अजून खूप आच लागणार होती. मी म्हणाले, उघडा. मानेसने माझ्याकडे पाहिलं. मग वर चढला आणि त्याने झाकण काढलं. त्या दिवशी त्याला मार बसला तो माझा होता, आणि तेल लावू देताना तो काकूला म्हणाला की पाठ काय, भरून येते.

तुला मी यातलं काही लिहू शकत नव्हते. तूही तुझं मला लिहू शकत नव्हतास. तुझं पत्र काकांनी जेवताना मोठ्याने वाचलं, तेव्हा तू काय करतो आहेस ते मला ओळीगणिक कळत होतं. माझ्यावाचून अडत नाही असं त्यांना पटलं की ते मला सोडतील, असा तुझा हिशेब. कान काय कोणीही काढेल, हे ऐकून मला हसू आलं आणि रडूही आलं. हिशेब चांगला होता. मी तुझ्या जागी असते तर मीही तेच लिहिलं असतं. आपण दोघं एकच दार दोन बाजूंनी ढकलत होतो, स्मिकोन.

काकांनी तुझ्या पत्रातला एकच भाग उचलला. मला मोकळं करायचं मनात नव्हतंच, पण मानेसचे डोळे गेले हे त्यांना पटलं. लाकडं वाहायला ठेवा, असं तू लिहिलंस. काका बसून खाणारी माणसं ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी लाव्रिऑनच्या चांदीच्या खाणीचा मुकादम आला. त्याने मानेसचे दात पाहिले, गुडघे पाहिले, पाठीवरचे वळ पाहिले. अमावास्येच्या बाजारात सौदा करायचा ठरलं. खाणीत उभं राहता येत नाही म्हणतात, आडवं पडून खोदायचं असतं. मानेस तिथे किती दिवस काढेल ते मुकादमाने काकांना हसत सांगितलं. मी ते लिहीत नाही.

मला मानेसने खांद्यावर घेऊन मोठं केलंय. ज्वाळा बघायला त्यानेच शिकवलं.

मी काकांच्या पाया पडले. म्हणाले, चंबूंची भट्टी मानेसलाच लावू द्या. काळा उतरला तर त्याचे डोळे शाबूत आहेत असं समजा आणि त्याला ठेवा. नाही उतरला तर त्यालाही न्या आणि मलाही घालवा. काकांना त्यात तोटा दिसला नाही.

सकाळी भट्टी पेटवली. काका ओट्यावर बसले होते, काकू दारात. झाकल्यावर मानेसने पहिलं खापर काढलं. मळकट. आकडी माझ्यापुढे धरून तो ओठ न हलवता म्हणाला, "ताई, उघडा म्हणा."

मी लाकडाच्या ढिगाकडे पाहिलं.

तो पुन्हा म्हणाला, "पोरी, मी म्हातारा आहे. माझं तिकडे लवकर आटपेल. तुला सबंध आयुष्य काढायचंय. उघडा म्हण." इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच अगं-तुगं केलं. काकू दारातून माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड मला दिसत होतं. तीही तेच म्हणत होती. मी एक शब्द बोलले असते तर या सगळ्यातून सुटले असते. खोली, उत्तरेची खिडकी, तू, सगळं मला समोर दिसत होतं.

मी म्हणाले, लाकूड घाल.

तो हलला नाही. मग मी स्वतः घातलं. हात पोळला. दुसरं खापर काढलं, तिसरं काढलं, तेव्हा कुठे काळा धरला. मग मी उघडा म्हणाले.

भट्टी निवल्यावर काकांनी पहिला चंबू काढला, अंगठ्याने पुसला आणि त्यात आपलं तोंड पाहिलं. मग माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणजे तुला येत होतं."

मानेसला त्यांनी ठेवलं. दिलेला शब्द पाळला, हे लिहायलाच हवं. संध्याकाळी काकूचं गाठोडं बांधायला सांगितलं. उद्या ते आर्खोनसाहेबांकडे जातील. गाठोडं बांधून झाल्यावर काकूने मला शिव्या दिल्या नाहीत, माझे केस विंचरले आणि म्हणाली, त्यांना रात्री पाय चेपून लागतात. इतकी वर्षं काढलेलं घर तिच्या हातातून माझ्यामुळे गेलं, आणि तीच माझं पत्र चोळीत लपवून नेते आहे.

मानेस माझ्याशी बोलत नाही. अंगणात लाकडं रचतो, मी गेले की पाठ फिरवतो. तू मूर्ख आहेस, असं त्याने एकदाच सांगितलं. असेन. पण तो लाकडं रचताना दिसतो, तेवढं मला पुरतं. नेहमी पुरेल की नाही ठाऊक नाही. परवापासून काकांना काय हाक मारायची, तेही ठाऊक नाही.

तू येऊ नकोस. स्वतःला दोषही देऊ नकोस, त्याने मला इथे जास्त जड होईल. खिडकीच्या फळ्या लावून घे, थंडीत वारा येतो. पुढे कोणी चांगली मुलगी भेटली तर मला कळवू नकोस, पण लग्न कर.

पत्राबरोबर एक चंबू पाठवते आहे. काळा बघ, बाबांचा आहे तसाच उतरलाय. रांगणारी शंभर मुलं काढली, सगळ्यांचे कान बाबांनी शिकवले तसे काढले. या एकाचे तुझ्यासारखे काढलेत, गोगलगायीसारखे. काकांनी वाकडा म्हणून तो टाकाऊ ढिगात टाकला, म्हणून मला तो तुला देता आला.

मेलिन्ना